सोंड वाकडी असेल तर थांबा

कपाशीवर लाल ढेकूण दिसला की बहुतेक माणसं दोनांतली एक गोष्ट करतात. फांदी झटकून त्याला खाली पाडतात आणि पायाखाली घेतात, नाहीतर सरळ पंप भरायला निघतात. त्याला पालथा करून त्याची सोंड बघायला मिनिटभरही लागत नाही, पण तेवढं कुणी थांबत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत कीड सर्वेक्षणाचं काम करताना मी शेतकऱ्यांना सगळ्यांत जास्त वेळा काही सांगितलं असेल तर ते हेच : रंगावर जाऊ नका, सोंड बघा. सोंड वाकडी असेल तर हात आवरा.

ज्या किड्यासाठी मी एवढा आग्रह धरते त्याला कृषी विस्ताराच्या पुस्तिकांमध्ये रेड्युव्हिड ढेकूण म्हणतात. कुणी मारेकरी ढेकूण म्हणतं, कुणी नुसतं भक्षक ढेकूण. रेड्युव्हिडी हे त्याचं कुळ. जगात या कुळाच्या सात हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि उष्ण प्रदेशांत त्यांची दाटी सगळ्यांत जास्त. इंग्रज अमदानीत विल्यम डिस्टंट यांनी भारतातल्या ढेकूणवर्गी किड्यांवर ग्रंथमाला लिहिली. तिच्या १९०४ सालच्या दुसऱ्या खंडात या कुळाची पानंच्या पानं आहेत. आपल्याकडच्या पिकांत नेहमी भेटणाऱ्या जाती म्हणजे ऱ्हायनोकोरिस फ्युसिपेस आणि ऱ्हायनोकोरिस मार्जिनॅटस. नावं जड आहेत, पण किडे रोजच्या बघण्यातले आहेत. तुरीत असतात, कपाशीत असतात, बांधावरच्या झुडपांत असतात.

सर्वेक्षकाचं काम काय असतं, हे थोडक्यात सांगते. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. शेतंच्या शेतं नुसत्या शिरांवर आली. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतात जाऊन मोजायचं, आकडे वर पाठवायचे, त्यावरून विद्यापीठाचे तज्ज्ञ सल्ला देणार, अशी ती रीत. सोयाबीनमध्ये मीटरभर ओळीतली झाडं वाकवून खालच्या कापडावर झटकायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या. कपाशीत शेतभर फिरत वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी मोजायची. कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. औसा-निलंग्याकडं सोयाबीन आणि तूर, लोहा-नायगाव-भोकरकडं सोयाबीनच्या जोडीला कपाशी, आणि किनवट-माहूरकडं गेलं की सागाच्या जंगलाला लागून असलेली डोंगरउताराची रानं. या कामानं पान उलटून बघायची सवय लागली. ती लागली की मग पानामागं फक्त कीडच दिसत नाही, कीड खाणाराही दिसतो.

लोहा तालुक्यातल्या एका शेतात दसऱ्याच्या सुमाराला गेले होते. पहिली वेचणी तोंडावर आलेली. शेतमालकांनी बांधावरूनच हाक दिली, "म्याडम, लाल ढेकणानं कपाशी भरलीय बगा. काय मारावं सांगा." मी म्हटलं, "मामा, मारायचं मग बघू, आधी कोण आलंय ते बघू." उघडायला लागलेल्या बोंडांवर खरोखरच लाल ढेकणांचा घोळका होता. लहान-मोठी पिल्लं, मोठे नर-माद्या, काही जोड्या शेपटीला शेपटी चिकटवून फिरणाऱ्या. हा कपाशीचा लाल ढेकूण, डिस्डर्कस. पाठीवर लाल, प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका, मानेशी पांढरी पट्टी आणि पोटावर पांढरे आडवे पट्टे. हा सरकीतला रस शोषतो. त्यानं सरकी हलकी होते आणि त्याच्यासोबत येणाऱ्या बुरशीमुळे रुईला पिवळसर-तपकिरी डाग पडतात. ही कीड आहे, यात वाद नाही.

चार झाडं सोडून पुढच्या झाडावर मात्र पानाच्या कडेला एकच ढेकूण बसला होता. तोही तांबडा-काळा. पण घोळक्यात नव्हता, बोंडावर नव्हता, आणि त्याच्या तोंडाला एक हिरवी अळी लोंबत होती. अळी त्याच्याहून मोठी. मामांनी जवळ येऊन बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे खायलंय का तिला?" मी म्हटलं, "खात नाही, पितोय."

इथून पुढं मी भिंग काढते, आणि माझं खरं काम सुरू होतं.

या किड्याची सगळी ओळख त्याच्या डोक्यात आहे. लाल ढेकणाचं डोकं आखूड, छातीत बसवल्यासारखं असतं. रेड्युव्हिडचं डोकं लांबट, पुढं निघालेलं, आणि डोळ्यांच्या मागं बारीक झालेलं. चक्क मान दिसते. मोठे संयुक्त डोळे दोन्ही बाजूंना टपोरे बाहेर आलेले. त्यांच्या मागं, मानेच्या चढावर, दोन बारीक चमकदार ठिपके असतात. ते साधे डोळे. कपाशीच्या लाल ढेकणाला ते नसतात, ही एक पक्की खूण, पण त्यासाठी भिंग हवं. मिशा चार पेरांच्या, बारीक, कोपरात वाकलेल्या, सतत हवा चाचपणाऱ्या. त्याला हलक्या हातानं उचलून खालून बघितलं की सोंड दिसते. आखूड, जाड, तीन पेरांची, दाभणासारखी वाकलेली. पाला-रस शोषणाऱ्या ढेकणाची सोंड चार पेरांची, बारीक, लांब आणि सरळ असते, आणि काम नसताना तो ती पोटाशी पालथी घालून ठेवतो. शिकाऱ्याची सोंड पोटाशी सपाट बसतच नाही. डोक्याखाली कमान करून उभी राहते आणि तिचं टोक दोन पुढच्या पायांच्या मध्ये छातीवरच्या एका खाचेत टेकलेलं असतं.

त्या खाचेबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण मला या किड्यात सगळ्यांत जास्त तीच आवडते. खाचेच्या तळाशी आडव्या रेघा असतात, इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. किडा घाबरला, चिमटीत सापडला की सोंडेचं टोक त्या रेघांवरून पुढं-मागं घासतो आणि चिर्र असा आवाज काढतो. मोठ्या जातीचा ढेकूण कानाजवळ धरला तर तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. लातूरच्या एका शेतशाळेत शाळकरी पोरांना मी काचेच्या बाटलीतला मोठा काळा ढेकूण ऐकवला होता. प्रत्येकानं बाटली कानाला लावली. त्या पोरांपैकी कुणी पुढं शेती करेल की नाही मला माहीत नाही, पण त्यांतलं एकही पोर तो ढेकूण विसरणार नाही, याची मला खात्री आहे. नवीन किडा माणसाच्या मनात राहायचा तर त्याच्या अंगातली एखादी तरी गोष्ट अशी कानानं, डोळ्यानं पटावी लागते. नुसतं 'मित्रकीटक' म्हणून भागत नाही. ढालकिडा लोकांना आवडतो, कारण तो गोंडस दिसतो. हा दिसायला गोंडस नाही, आणि दोन हात लांबून तो किडीसारखाच दिसतो. म्हणून त्याची बाजू कुणीतरी मांडावी लागते.

सोंडेच्या आत सुईसारख्या तारांची जोडी असते आणि तिच्यात दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून अन्न वर येतं. लाळेत दोन प्रकारची ताकद आहे : एक अळीला जागच्या जागी लुळी पाडणारी, दुसरी तिच्या आतलं मांस विरघळवणारी. पचन पोटात होण्याआधी शिकारीच्या अंगातच सुरू होतं. काही सेकंदांत अळीची हालचाल थांबते, मग हा तासन् तास तिला धरून बसतो, मध्येच सोंड काढून दुसऱ्या जागी खुपसतो, आणि शेवटी नुसतं सालपट टाकून देतो. कपाशीत, तुरीत कधी पानाला चिकटलेलं अळीचं रिकामं, सुरकुतलेलं कातडं दिसलं तर आजूबाजूला शोधा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तिथल्या एका जातीवर काम करून दाखवलं, की या ढेकणाकडे दोन वेगळी विषं असतात. एक शिकारीसाठी, दुसरं स्वतःच्या बचावासाठी, आणि ती लाळग्रंथीच्या वेगवेगळ्या भागांत तयार होतात. एवढ्याशा डोक्यामागं एवढी सोय.

बचावाचं विष म्हटलं की वेचणीच्या बायांची आठवण येते, कारण त्यांना ते शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. कापूस वेचताना बोंडाशी हात गेला आणि तिथं हा बसलेला असला, चुकून दाबला गेला, तर तो सोंड टोचतो. आग होते, बोट सुजतं. उमरीकडच्या एका शेतात एक मावशी मला म्हणाल्या, "विंचवासारखं चढतंय बगा, पन तासाभरानं उतरतंय. मेला चावतोय, पन अळ्या मारतंय, म्हनून मी झटकून टाकते, मारत नाई." त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर झाडाला तोंड लावून काम करणारीला जे दिसतं, ते पंप पाठीवर घेऊन ओळीतून झपझप जाणाऱ्याला दिसत नाही. माझं म्हणणं असं, की कीड ओळखायचं प्रशिक्षण गावात द्यायचं असेल तर ते आधी खुरपणी-वेचणी करणाऱ्या बायांना द्यावं. आपण सभेला बोलावतो ते सातबारा नावावर असणाऱ्यांना. झाडाशी ज्यांची नजर रोज भिडते, त्या बाया त्या वेळी दुसऱ्याच्या शेतात रोजानं गेलेल्या असतात.

टोचलं तर काय करायचं, हेही त्या विचारतात. साबण-पाण्यानं धुवायचं, गार पाण्याची पट्टी ठेवायची. सूज वाढत गेली, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर सरकारी दवाखान्यात जायचं. यानं कुठला रोग पसरतो का, ही भीती मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे आता गावागावांत आली आहे. ती समजून घ्यायला हवी. याच कुळात एक रक्त पिणारी शाखा आहे, ट्रायाटोमिनी. तिची सोंडही तीन पेरांचीच, पण सरळ आणि सडपातळ. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत हे किडे रात्री घरांत शिरून माणसाला चावतात आणि त्यांच्या विष्ठेतून एक परजीवी पसरतो. ब्राझीलमधले डॉक्टर कार्लोस चागस यांनी १९०९ मध्ये तो रोग उलगडला, म्हणून त्याला चागस रोग म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनाही मार्च १८३५ मध्ये अर्जेंटिनातल्या एका खेड्यात रात्री असाच काळा मोठा किडा चावला होता, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. या शाखेचे किडे भारतातही आहेत. लिन्शकॉस्टियस ही प्रजाती तर फक्त भारतातच सापडते. पण चागस रोग हा अमेरिका खंडातला आहे. कपाशीतला, तुरीतला वाकड्या सोंडेचा ढेकूण अळ्यांवर जगतो, माणसाच्या रक्तावर नाही.

सोंडेच्या नियमाला एक अपवाद आहे, तोही मी प्रत्येक वेळी सांगते. अँटिलोकस नावाचा एक मोठा, लालभडक ढेकूण कपाशीत असतो. तो कपाशीच्या लाल ढेकणाच्याच कुळातला, सोंडही त्याच कुळासारखी चार पेरांची आणि सरळ, तरी तो आपल्याच भाऊबंदांना मारून खातो. लाल ढेकणांच्या घोळक्यात एखादा मोठा ढेकूण दुसऱ्याला सोंडेवर घेऊन फिरताना दिसला तर तो हाच. म्हणून सोंडेचा आकार बघायचा आणि सोंडेच्या टोकाला काय आहे तेही बघायचं. टोक बोंडात असेल तर कीड, टोकाला किडा असेल तर शिकारी.

आणि रंगावर का जाऊ नये? ऱ्हायनोकोरिस मार्जिनॅटस हीच जात घ्या. त्याचं पोट पंखांपेक्षा रुंद असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना पोटाची कड पंखांच्या बाहेर पट्टीसारखी दिसते. या एकाच जातीत कुणाची ती पट्टी तांबडीलाल, कुणाची काळी, कुणाची तांबड्या-काळ्या पट्ट्यांची. त्याची पिल्लंही लालसर. बिनपंखांची, डोक्याच्या मानानं पोट फुगलेली ही पिल्लं बघून भले भले फसतात. रंग हा भक्ष्य-भक्षक दोघांचाही सारखाच असू शकतो. पक्ष्यांना 'आम्ही खायला वाईट आहोत' हे सांगायला दोघांनीही लाल-काळाच रंग धरलेला आहे.

पायांकडं बघितलं तर याच कुळातले वेगवेगळे धंदे कळतात. झाडावरचा ऱ्हायनोकोरिस हळूहळू चालतो, लांब पायांवर उंच राहून, थांबत थांबत. त्याच्या पायांना पकडीच्या गाद्या नसतात. तो अचानक सोंड मारतो आणि सोंडेवरच शिकार तोलून धरतो. किनवटकडच्या उतारावर दगड उलटले की दुसरीच तऱ्हा दिसते. एक्टोमोकोरिस, कॅटामिअरस अशा जमिनीवरच्या प्रजातींच्या पुढच्या आणि मधल्या पायांच्या नळीच्या टोकाला मऊ, केसाळ गादी असते. तिनं गुळगुळीत भुंगेरा घसरत नाही. हे आधी झडप घालून धरतात, मग टोचतात. पळायला इतके चपळ की दगड उलटून भिंग काढेपर्यंत गायब. किनवटच्या रानात पावसाळा सरता सरता दगडाखाली शोधण्यात माझे कितीतरी दुपारचे तास गेले आहेत. सर्वेक्षणाच्या अर्जात त्यांना रकाना नाही आणि पिकाशी त्यांचा संबंध बांधापुरता, पण हे कुळ कळायचं तर ते बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्याच दगडांखाली अकँथास्पिसची पिल्लं सापडतात, आणि ती पहिल्यांदा बघणाऱ्याला किडा वाटतच नाहीत. अंगावरच्या चिकट केसांना ती माती, कचरा आणि खाऊन टाकलेल्या मुंग्यांची सालपटं चिकटवून घेतात. मातीचं ढेकूळ चालू लागलं की कळतं. पूर्व आफ्रिकेतल्या याच प्रजातीच्या एका जातीवर प्रयोग झाले आणि २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले : उड्या मारणारे कोळी, जे डोळ्यांनी शिकार हेरतात, ते पाठीवर मुंग्यांचं ओझं असलेल्या पिल्लांवर कमी हल्ले करतात, उघड्या पिल्लांवर जास्त. युरोपात वर्गीकरणकार लिनियसनं १७५८ मध्ये नोंदलेला एक भाऊबंद घरातल्या धुळीत असाच लपतो आणि गादीतले ढेकूण खातो.

परत कपाशीकडं येते, कारण माझी खरी कळकळ तिथं आहे.

ऱ्हायनोकोरिसची मादी पानाच्या मागं अंडी घालते. तपकिरी, उभी, एकमेकांना चिकटवलेली, वर टोपी असलेली अंडी. पिल्लू बाहेर येताना टोपी उघडतं. आफ्रिकेतल्या एका ऱ्हायनोकोरिस जातीत तर नर त्या अंड्यांवर राखण करत बसतो. बाहेर आलेलं पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि पूर्ण मोठं व्हायला त्याला साधारण दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. आता मावा बघा. माव्याचं पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं. शेतावर एकदा कडक औषधाचा फवारा मारला की मावा मरतो आणि हाही मरतो. मावा पंधरवड्यात परत येतो. याला परत यायला निम्मा खरीप जातो. तेवढ्यात दुसरा फवारा झालेला असतो. सायपरमेथ्रिन आणि प्रोफेनोफॉसचं मिश्रण शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं, त्यात टॉनिक मिसळायचं, वर बुरशीनाशक टाकायचं, हे दोन्ही जिल्ह्यांत मी वर्षानुवर्षं बघते आहे. औषधाच्या दुकानात जाऊन "सगळ्यावर चालंल असं द्या" म्हणणारा शेतकरी मूर्ख नसतो. त्याच्या डोक्यावर कर्ज असतं, पावसाची उघडीप दोन दिवसांची असते, आणि पीक हातचं गेलं तर कुणी विचारणार नसतं. म्हणूनच त्याला वेळेवर आणि नेमकं सांगणारं कुणीतरी शेतात उभं पाहिजे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ते सगळं माहूरपासून फार लांब घडलेलं नाही. त्या मोसमात आम्ही माणसांना मास्क लावा, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, हेच सांगत फिरत होतो. किड्यांबद्दल बोलायला कुणाला उसंत नव्हती. पण दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. नको असलेली फवारणी.

ती टाळायला मोजमाप आहे. माव्यासाठी दर पानाला दहा, गुलाबी बोंडअळीसाठी एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग, अशा नुकसानीच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. त्याच्या खाली फवारा नको. मोजताना शिकारीही मोजावेत, असं मी आग्रहानं म्हणते : ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, कोळी आणि हा वाकड्या सोंडेचा. दहा झाडांत दोन-तीन जरी दिसले तर थोडं थांबून पुन्हा मोजावं.

याच्याबद्दल वाढवून सांगणं मात्र मला पटत नाही. हा एकटा कपाशी वाचवत नाही. बोंडात शिरलेली गुलाबी अळी त्याच्या सोंडेला लागत नाही. ती उघड्यावर असते तेवढाच वेळ त्याचा. तो निवडही करत नाही. फुलावर बसलेली मधमाशी, ढालकिडा, समोर येईल ते मारतो. खायला कमी पडलं तर स्वतःच्याच जातीची पिल्लं खातो. पानं खाणाऱ्या मोठ्या अळ्या, उंट अळ्या, लाल ढेकूण यांच्यावर तो जे काम करतो ते मात्र खरं काम आहे, आणि ते फुकट होतं.

तेच मामा, लोह्याचे, पुढच्या खेपेला म्हणाले, "म्याडम, हे इकत मिळतंय का? ट्रायकोकार्डासारखं? मोंढ्यात आणतो." चांगला प्रश्न आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात परोपजीवी कीटकांच्या योजनेतून ट्रायकोकार्ड, म्हणजे किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या इवल्याशा मित्रकीटकाची कार्डं, मिळतात, उपयुक्त बुरशी मिळतात. तामिळनाडूत पाळयमकोट्टईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये डन्स्टन अँब्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ढेकणांवर आयुष्यभराचं काम केलं. तांदळावरच्या पतंगाच्या अळ्यांवर त्यांना प्रयोगशाळेत वाढवलं, कुठल्या जातीची कुठल्या किडीवर किती भूक ते मोजलं. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत सिकॅनस या याच कुळातल्या प्रजातीचे ढेकूण पाळून सोडतात. पण ट्रायकोग्रामा कार्डावर चिकटवून पाठवता येतो, हा येत नाही. एका डब्यात ठेवले तर एकमेकांना खातात, प्रत्येकाला वेगळी जागा लागते, जिवंत खाद्य लागतं आणि वाढायला महिने लागतात. म्हणून मी त्यांना सांगितलं, "मामा, मोंढ्यात मिळत नाही. पण तुमच्या रानात हा आहेच, त्याला राहू द्यायचं."

मग त्यांनी विचारलं, की राहतो कुठं, पीक निघाल्यावर. बांधावर. झुडपांत, गवतात, दगडांच्या राशीत, तुरीच्या ओळीत, चवळी-झेंडूच्या कडेनं. आपल्याकडं उन्हाळ्यात बांध पेटवून द्यायची रीत आहे. साप-विंचू जातात, बांध मोकळा होतो, म्हणून. मी म्हटलं, या उन्हाळ्यात एक बाजूचा बांध तरी पेटवू नका. ते बराच वेळ हो-नाही करत राहिले. साप निघतो त्या बाजूला, नातवंडं खेळतात, असं म्हणाले. शेवटी ओढ्याच्या बाजूचा बांध ठेवायचं कबूल केलं, घराकडचा नाही. पऱ्हाटी मात्र उपटून वावराबाहेर काढणारच, म्हणाले. त्यात मी काहीच बोलले नाही. पऱ्हाटीला उरलेल्या कवड्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते. ती काढायलाच हवी.